लहानूने न घेतलेलं वाक्य

"मास्तर, आज मी कोनाले हसवनार नाई," एसटीत माझ्या शेजारी बसता बसता लहानू म्हणाला, आणि पुढच्या बाकावरच्या दोन बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

त्याने काहीच केलं नव्हतं. बोलताना त्याची उजवी भुवई आपोआप वर जाते, एवढंच. पण त्या बायांनी ही भुवई दहा नाटकांत पाहिली होती. एकीने वळून विचारलंच, "लहानूभौ, कोन्या गावाले नाटक हाये जी?"

"नाटक नाई माय. सत्कार हाये," लहानू म्हणाला. त्यावर त्या आणखीच हसल्या.

त्याने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. पांढराशुभ्र सदरा, तेल लावून बसवलेले केस, आणि मांडीवर एकमेकांत घट्ट अडकवलेले हात. हात सुटे ठेवले की थरथरत होते. ते थरथरणं झाकायला तो सकाळपासून काही ना काही धरून होता, आधी कप, मग पिशवी, आता स्वतःचेच हात.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. लहानू बगमारे हा आमच्या झाडीपट्टीतला विनोदी नट. झाडीपट्टी म्हणजे वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरीकडचा आमचा जंगलाचा मुलूख. इथे दिवाळी सरली की गावोगाव मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरते आणि नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. मी लहानूच्याच नाटकमंडळीत प्रॉम्प्टर. माझं नाव तुळशीराम सहारे, पण एक दिवसही शाळेत न शिकवता मी सगळ्यांचा मास्तर झालो, कारण माझ्या हातात कायम पुस्तक.

आमच्याकडे प्रॉम्प्टर विंगेत लपून बसत नाही. मंचाच्या पुढ्यात, अगदी मधोमध, कमरेएवढा खड्डा खणतात. त्यात प्रेक्षकांकडे पाठ करून मी बसतो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांची सगळी वाक्यं वाचतो. तालमींना वेळ कोणाला? नटाने माझं वाक्य ऐकायचं आणि रंग भरून बोलायचं. मी मात्र रंग भरायचा नाही. राजा मेला काय आणि पोर झालं काय, माझा आवाज सपाट. पुढच्या चार रांगांना तो ऐकू जातो आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. माझा आवाज आला म्हणजे हे पुस्तकातलं आहे, हे झाडीतलं शेंबडं पोरही ओळखतं.

लहानूला वाक्य देणं हे मात्र निराळंच काम होतं. दुसऱ्या नटांना मी वाक्यं देत असे. लहानू माझ्याकडून ती मागून घेत असे. हशा उठला की तो डोळ्यांनी मला थांबवून धरी. हशा टिपेला पोचून जरा उतरू लागला, की त्याची नजर खाली येई, आणि नेमक्या त्याच क्षणी मी पुढचं वाक्य सोडायचं. अर्धा श्वास इकडेतिकडे झाला तरी मजा गेली. तोवर वीस वर्षं मी त्याचं तोंड खालून बघत आलो होतो. इतका मोठा कारागीर मी दुसरा पाहिला नाही, आणि हे मी मित्र म्हणून बोलत नाही.

त्याचं सगळ्यात गाजलेलं सोंग दारुड्याचं. आणि ते सोंग करणारा गडी खराही दारुडाच होता. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. म्हणजे दुकानात मिळत नाही, बाकी सगळीकडे मिळते. मोहाची म्हणाल तर आणखी सोपं. चाळिशीत त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. डॉक्टरने त्याच्या बायकोसमोर सांगितलं, "यापुढे प्यायलात तर पुढच्या दिवाळीला तुमचं नाटक नाही, तेरवी होईल."

त्याने सोडली. ब्रह्मपुरीत एका शाळेच्या खोलीत दर रविवारी दारू सोडलेल्यांचा गट बसायचा. तिथे प्रत्येकाने उभं राहून नाव सांगायचं आणि न प्यायलेले दिवस सांगायचे. लहानूचे दिवस वाढत गेले. शंभर झाले, वर्ष झालं, दोन झाली. गावोगावच्या बाया त्याचं नाव घेऊन नवऱ्यांशी भांडू लागल्या. चिंचटोल्याच्या बायांनी तर गावातल्या सगळ्या भट्ट्या फोडल्या आणि समाजमंदिरात लहानूचा फोटो लावला. त्याची तीन वर्षं पूर्ण होणार म्हणून संक्रांतीनंतरच्या रविवारी त्यांनी सत्कार ठेवला. पत्रिका छापली.

आणि त्याच्या पाच-सहा आठवडे आधी, अकरा डिसेंबरला, लहानू पुन्हा प्यायला.

एकदाच नाही. पाच आठवडे, रोज. बाहेर कोणाला कळलं नाही, कारण नाटकात तो दारुडाच होता आणि घरी तो दौऱ्याचं नाव सांगे. मला ठाऊक होतं. मग एका सोमवारी भर दुपारी तो माझ्या दारात आला, उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "मास्तर, मले धरून ठेवा. मी मरून रायलो." मी त्याला तसाच डॉक्टरकडे नेला. गोळ्या, सलाईन, दोन दिवस घामाने भिजलेल्या चादरी. बुधवारी उभं राहता आलं तसा तो गटाच्या लोकांकडे गेला आणि सांगून आला. ते रागावले नाहीत. म्हणाले, एकपासून मोज. बायकोला, मंदाला, त्याने गुरुवारी सांगितलं. ती आत जाऊन बसली.

आता उरलं होतं चिंचटोला.

"आखीन एकदा विचार कर," एसटीच्या खडखडाटात मी त्याच्या कानाशी म्हणालो. "गटाले सांगितलं, मंदाले सांगितलं. झालं ना? त्या बायांले कायले सांगतं?"

"मंग शाल कशी घेऊ मास्तर?"

"घे आन पेटीत टाक. वर्सभर नीट राय, मंग सांग. तुझ्या नावावर तीन गावं कोरडी हायेत बापा. आज तू तोंड उघडलं त पुरुषमंडळी उद्याच भट्ट्या लावतीन. त्या बायांचा विचार कर."

"तुमी बायांचाच विचार करून रायले ना?" त्याने विचारलं.

मी चटकन त्याच्याकडे वळून पाहिलं. पण त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. रस्त्याकडेची धानाची कापलेली शेतं बघत त्याने सहज विचारलं होतं. मी म्हणालो, "त आखीन कोनाचा?"

"मास्तर, मी शाल घेतली ना, त आज संध्याकारीच पेतो. मले मालूम हाये. खोटी शाल आंगावर घेऊन मानूस घरी नाई जाऊ शकत. तो भट्टीवरच जाते." मग थोडं थांबून तो म्हणाला, "सांगतो. इतलंच काम हाये. उभं रायचं आन सांगायचं."

चिंचटोल्याला एसटी थांबली तेव्हा पन्नास-साठ बाया फाट्यावर उभ्या होत्या. हातात आरतीची ताटं, डोक्यावर पदर, आणि पुढे डफडं वाजवणारे दोघं. लहानू खाली उतरला आणि एका म्हातारीने त्याचे पाय धुतले. पाय धुताना त्याने ओठ इतके आवळले की ते पांढरे पडले. बायांना तेही विनोदी वाटलं.

कार्यक्रम गावाच्या मंडईच्या पटांगणात होता. आमच्याच मंडळीने महिन्यापूर्वी तिथे नाटक केलं होतं. मंच अजून तसाच होता आणि पुढचा माझा खड्डाही. खड्ड्यात कोणी पाण्याचे रांजण नेऊन ठेवले होते. दोन-अडीचशे माणूस जमलं होतं. बाया पुढे, सतरंजीवर. पुरुष मागे, हातपंपाजवळ, हाताच्या घड्या घालून उभे. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि तरी घरी बसवत नव्हतं. मी मंचाच्या पायथ्याशी, खड्ड्याच्या काठावर बसलो. सवयच ती.

बायांच्या दारूबंदी समितीची अध्यक्ष पार्बताबाई मडावी. साठीची, चणीने एवढीशी, पण भट्ट्या फोडल्या तेव्हा पहिलं गाडगं तिने फोडलं होतं, आणि तेही सख्ख्या दिराचं. ती माईकसमोर आली, माईक तिच्या कपाळाला लागत होता म्हणून तिने तो बाजूला सारला आणि तशीच बोलली.

"ह्या मानसाले पाहून आमी उठलो. हा सोडू शकते त आमचे काहून नाई सोडनार, असं आमी म्हनलं. बाकी मले भासन येत नाई. लहानूभौ, तूच बोल. मंग शाल घालतो."

शाल तिच्या हातावर घडी घालून ठेवलेली होती. विटकरी रंगाची, चांगली जाड.

लहानू उठला. टाळ्या वाजल्या. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "मायबाईनो, मी ह्या शालीच्या लायकीचा नाई."

हशा उठला. कारण भुवई वर गेली होती.

"खरं सांगून रायलो. मी परत पेलो."

यावर तर पटांगण फुटलं. पुढच्या रांगेतली एक पोर हसता हसता आईच्या मांडीत उलथी पडली. मागचे पुरुषही हसले, घड्या सुटल्या. लहानूने हात वर केला, थांबा म्हणाला, आणि त्या हाताचा थरकाप झाला. तो थरकाप त्याच्या दारुड्याच्या सोंगातलाच होता, वीस वर्षं सगळ्यांनी पाहिलेला. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

"अवो, सोंग नाई हे!"

पुन्हा हशा.

मी खालून बघत होतो. मी त्याला कित्येक वर्षांत असा बघितला नव्हता. हशा हीच त्याची कमाई, त्यासाठी तो जगला, आणि आता एक एक हशा त्याच्या तोंडावर चापट मारल्यासारखा बसत होता. सुटायचं असतं तर फार सोपं होतं. तिथेच एक गिरकी घेतली असती, अजून दोन विनोद मारले असते, शाल घेतली असती. आणि पुढेमागे बाहेर आलं असतं तर म्हणाला असता, मी तर भरसभेत सांगितलं होतं, तुम्हीच हसलात. खरं सांगू? मी मनात देवाची प्रार्थना करत होतो की त्याने गिरकी घ्यावी.

त्याने गिरकी घेतली नाही. तो मंचाच्या कडेपर्यंत पुढे आला, खाली माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "मास्तर, खड्ड्यात जा."

लोक खो खो हसले. पण तो मला शिवी देत नव्हता, हे मला कळलं. 

"जा मास्तर. वाक्यं द्या. मी बोललो त हे हासतेत. तुमी वाचून द्या, मी म्हनतो."

"पुस्तक नाई रे," मी कसाबसा म्हणालो.

"सारं मालूम हाये तुमाले."

दोन बायांनी रांजण सरकवून जागा केली. मी खड्ड्यात उतरलो. पाठ लोकांकडे, तोंड लहानूकडे. हशा अजून चालूच होता. लहानूने तो टिपेला जाऊ दिला, उतरू दिला, आणि मग नेहमीसारखी नजर खाली आणली. माझ्या तोंडून वाक्य निघालं. वीस वर्षांची सवय, दुसरं काही नाही.

"मी, लहानू बगमारे, अकरा डिसेंबरला दारू प्यायलो."

"मी, लहानू बगमारे, अकरा डिसेंबरला दारू प्यायलो," तो म्हणाला. माझ्याइतकंच सपाट. रंगाचा थेंब नाही. भुवई त्याने कशी दाबून धरली होती देव जाणे, पण ती हलली नाही.

थोडे हसले. थोडे नाही.

"त्यानंतर पाच आठवडे रोज प्यायलो."

"त्यानंतर पाच आठवडे रोज प्यायलो."

"घरी सांगितलं, दौरा आहे. दौरा नव्हता."

"घरी सांगितलं, दौरा आहे. दौरा नव्हता."

मागे कुणीतरी एकटाच हसला आणि आपण एकटेच आहोत हे कळून गप्प झाला. बाया एकमेकींकडे बघू लागल्या असाव्यात. मला दिसत नव्हतं, पण पाठीला प्रेक्षक कळतात. पुढचं वाक्य मला द्यायचं नव्हतं. सोमवारी माझ्या उंबऱ्यावर बसून त्याने मला ते सांगितलं होतं आणि सांगून झाल्यावर भिंतीवर डोकं आपटलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याची नजर खालीच होती. तो मागत होता.

"एका दुपारी बायको घरी नव्हती. माझी मुलगी शाळेतून आली तेव्हा मी अंगणात पडलो होतो," मी म्हणालो. "ती मला बघून हसली. तिला वाटलं, बाबा तालीम करतोय."

लहानूने ते वाक्य म्हटलं. पहिला भाग म्हटला, दुसऱ्यापाशी थांबला, गिळलं आणि पुढचं म्हटलं. सपाट. त्या पटांगणात मग इतकं शांत झालं की हातपंपाचं ठिबकणं ऐकू येत होतं. अडीचशे माणसांना हसवणारे मी पुष्कळ बघितले. हसणाऱ्या अडीचशे माणसांना आवाज जराही न चढवता गप्प करणारा हाच एक.

आता मला थांबता आलं असतं. सांगायचं ते सांगून झालं होतं. पण माझ्या घशात आणखी एक वाक्य सव्वा महिना अडकलं होतं, आणि खड्ड्यात बसल्यावर ते आवरेना.

ते वाक्य कोणतं, हे सांगायचं तर मला अकरा डिसेंबरकडे जावं लागेल. दारू सोडल्यापासून लहानूचा दारुडा थोडा मंदावला होता. लोकांना नाही कळलं. मंडळीच्या मालकालाही नाही. मला कळलं, कारण मी त्याचे हशे मोजणारा माणूस. हशा येत होता, पण अर्धा श्वास उशिरा. पूर्वी जिथे लोक लोळत, तिथे आता नुसतेच हसत. मला ते बघवेना. मला, म्हणजे ज्याने त्याला मरता मरता पाहिलं होतं त्याला, त्या अर्ध्या श्वासाची हळहळ वाटू लागली. आणि त्या दिवशी तिसऱ्या अंकाआधी तो म्हणाला, "मास्तर, आज रंग येऊन नाई रायला," तेव्हा मी माझ्या पिशवीतून एक चपटी बाटली काढली. आधीच आणून ठेवली होती. म्हणालो, "दोनच घोट. नाटकापुरतं." नाटकवाल्याशिवाय असा मूर्खपणा कोणी करणार नाही. त्या अंकाला लोक लोळले. आणि मी खड्ड्यात बसून खुशीत होतो.

"पहिली बाटली मला मास्तरांनी दिली," मी म्हणालो.

लहानू बोलला नाही.

नटाने वाक्य घेतलं नाही तर प्रॉम्प्टरने ते पुन्हा, जरा मोठ्याने द्यायचं असतं. मी दिलं. "पहिली बाटली मला मास्तरांनी दिली." माझा आवाज आता सपाट राहिला नव्हता. पहिल्या चार रांगांनीच नाही, सगळ्या पटांगणाने ते ऐकलं असणार. मागे कुजबुज सुरू झाली.

लहानू माझ्याकडे बघत होता. मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा त्याने मान हलवली.

"हे वाक्य माझं नाई मास्तर. पुढचं द्या."

माझ्याकडे पुढचं नव्हतं. वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या खड्ड्यात गप्प बसलो. तेव्हा लहानूने मान वर केली, लोकांकडे पाहिलं आणि स्वतःच्या भाषेत म्हणाला, "दारू कोनं देली ते सांगायले मी आलो नाई. तोंड माह्यं होतं. मीच पेलो. आज माहा सहावा दिवस हाये. तीन वर्सं नाई, सहा दिवस. बाकी तुमी म्हनान तसं."

कोणी हसलं नाही.

मग मागून हातपंपापाशी एक जण ओरडला, "पाहा वो! तुमचा देवच पेला!" आणि पुरुषांत गलका उठला. एक बाई रडायला लागली, दुसरी उभी राहून लहानूला म्हणाली, "मंग कायले आला रे आमच्या गावात? आता घरी काय सांगू मी?" याचीच मला भीती होती. लहानू जागचा हलला नाही. खाली मान घालूनही उभा राहिला नाही. तिच्याकडे बघत, ऐकत उभा राहिला.

पार्बताबाईने हातावरची शाल खुर्चीवर ठेवली. आधी ती पुरुषांकडे वळली.

"काहून जी, आनंद झाला का? तो पेला आन इथं येऊन बोलला. तुमी रोज पेत होते तवा एक तरी बोलले का?"

गलका बसला. मग ती लहानूसमोर गेली. तिचं डोकं त्याच्या छातीशी आलं.

"काल पेला का?"

"नाई."

"आज?"

"नाई माय."

"उद्या?"

"ते नाई सांगू शकत."

 या उत्तराने ती रागावेल असं मला वाटलं होतं. पण उलट तिचा चेहरा निवळला. "हे खरं बोलला," ती म्हणाली. "शाल मी देत नाई. सहा दिवसाची शाल नसते. पन जेवून जा. सैपाक तुझ्यासाठीच केला हाये." मग ती खड्ड्याकडे वळली आणि माझ्याकडे बोट केलं. "हा बी जेवल. पन ह्याले मी वाढनार नाई."

खरंच नाही वाढलं तिने. दुसऱ्या एका बाईने वाढलं. वडे होते, भाताचा डोंगर होता, वांग्याची भाजी होती. मी मान खाली घालून जेवलो. लहानूच्या पानापाशी मघाची ती रागावलेली बाई येऊन बसली आणि तिचा नवरा सकाळी उठल्या उठल्या कसा थरथरतो ते सांगत राहिली. लहानू घास हातात धरून ऐकत होता. त्याला कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं, गट कुठे बसतो, पहिले तीन दिवस घरच्यांनी काय सांभाळायचं, ते त्याने तिला दोन-दोनदा सांगितलं. त्या बाईच्या तोंडावर हसू नव्हतं. ती त्याचा शब्द न् शब्द लक्षात ठेवत होती.

तीनच्या एसटीसाठी आम्ही फाट्यावर येऊन उभे राहिलो. पोचवायला कोणी आलं नव्हतं. ऊन चांगलं होतं. 

"काहून नाई घेतलं ते वाक्य?" शेवटी मी विचारलं. "खरंच होतं ना ते."

"खरं होतं."

"मंग? मले वाचवलं का तू?"

"तुमाले?" तो हसला, त्या दिवसात पहिल्यांदा. "नाई मास्तर. मी मले वाचवलं. मास्तरनं देली म्हनून पेलो, हे एकदा तोंडातून गेलं असतं ना, त मले जनमभर पुरलं असतं. जवा प्यावं वाटलं तवा तुमाले शिव्या द्यायच्या आन प्यायचं. इतला चांगला बहाना मी घरी नाई नेऊ शकत."

 माझे डोळे भरून आले होते. मी म्हणालो, "मले तरी बोलू द्यायचं होतं. छातीवरचा धोंडा उतरला असता."

"तेच त," लहानू म्हणाला. त्याचा आवाज आता मऊ नव्हता. "अडीचशे मानसांपुढं रडले असते आन मोकळे झाले असते. तुमी मोकळे नका होऊ मास्तर. मले तुमची माफी नाई पायजे. तुमी रोज सकारी माह्या घरी या, आन विचारा, लहानू, पेला का. पाऊस असो का थंडी असो. तुमच्या बाटलीचं तेवढं करा."

एसटी आली. आम्ही चढलो. पुढच्या बाकावरचा कोणीतरी लहानूला ओळखून हसला आणि लहानूने त्याला मनापासून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी त्याच्या दारात उभा होतो. मंदाने दार उघडलं. तिने मला आत घेतलं नाही. पुढचे दोन महिने घेतलं नाही. मी अंगणातूनच विचारायचो, तो अंगणातूनच सांगायचा. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात एका सकाळी मी विचारलं, "पेला का?" आणि तो म्हणाला, "हाव. काल." आम्ही चहासुद्धा न घेता डॉक्टरकडे गेलो, आणि त्या रविवारी गटात उभं राहून त्याने पुन्हा एक म्हटलं. मी त्याच्या शेजारी होतो. त्याने ते इतक्या सरळ म्हटलं की मला त्याचे पाय धरावेसे वाटले. त्यानंतर अजून नाही. आता त्याचा दारुडा पूर्वीपेक्षा रंगतो, आणि हशा पुन्हा वेळेवर येतो. पण मी ते मोजणं सोडलं आहे.

आज सकाळीही गेलो होतो. थंडी मरणाची. लहानू अंगणात दात घासत होता, तोंडभर फेस. मी विचारलं, "पेला का?" त्याला बोलता येईना, म्हणून त्याने नुसती मान हलवली. मी तो चूळ भरेपर्यंत थांबलो आणि पुन्हा विचारलं.